अभंगांतला ख्रिस्त

एखादा धर्म एखाद्या देशांत परका राहतो कीं त्या देशाचा होतो, हें कशावरून ठरवावयाचें? त्याचा उगम कोठें झाला यावरून ठरवावें, तर जपानांतील बौद्ध धर्म आज इतक्या शतकांनंतरही परकाच म्हणावा लागेल. अनुयायांच्या संख्येवरून ठरवावें, तर संख्येनें आपलेपणा येतोच असें नाहीं. याहून एक साधी कसोटी आहे. त्या धर्माच्या माणसाला दुःख अनावर झालें असतां, किंवा आनंदानें त्याचा कंठ दाटून आला असतां, त्याच्या तोंडून निघणारे शब्द कोणत्या भाषेचे आणि कोणत्या चालीचे असतात, तें पाहावें. मनुष्य व्यवहार शिकलेल्या भाषेंत करूं शकतो. विव्हळतो मात्र आईच्या भाषेंत. देवापुढें ज्या भाषेंत रडतां येतें, त्या भाषेंत तो धर्म घरचा झाला असें समजावें.

या कसोटीनें महाराष्ट्रांतील ख्रिस्ती धर्माकडे पाहिलें, तर एक मनोवेधक इतिहास दिसूं लागतो. चारशें वर्षांच्या काळांत कांहीं मोजक्या माणसांनीं येशू ख्रिस्ताची भक्ति प्रथम ओवींत, नंतर अभंगांत आणि शेवटीं भारतीय चित्रकलेच्या रेषेंत आणण्याचा उद्योग केला. या उद्योगाला दोन्हीकडून विरोध झाला. त्यांतील कांहीं रूपें लोकांच्या कंठांत राहिलीं, कांहीं संग्रहालयांत जाऊन बसलीं. असें कां झालें, याचा विचार सर्वच सुशिक्षित कुटुंबांना उपयोगी पडणारा आहे. कारण परंपरा जिवंत कशी राहते आणि प्रदर्शनाची वस्तु केव्हां होते, हा प्रश्न आज प्रत्येक घरापुढें उभा आहे.

कलेचा मार्ग धर्माच्या वेशीपाशीं अडत नाहीं, हें निदान कोल्हापुरास नव्यानें सांगावयास नको. अल्लादियाखांसाहेबांसारखा थोर गवई शाहू महाराजांच्या आश्रयास याच नगरींत राहिला, आणि त्यांचे चिरंजीव भुर्जीखां यांनीं अंबाबाईच्या देवळांत गायनसेवा केली. ऐकणाऱ्यांनीं स्वरांना धर्म विचारला नाहीं. परंतु गाणाऱ्याच्या कलेचें आपण कौतुक करतों, तेव्हां त्याच्या श्रद्धेशीं आपला फारसा संबंध येत नाहीं. येथें प्रश्न थोडा निराळा आहे. श्रद्धाच जेव्हां दुसऱ्या परंपरेचें रूप घेऊं पाहते, तेव्हां काय होतें?

प्रथम श्रद्धेच्या अगदीं आंतल्या गाभ्याकडे वळूं. इंग्रजींत ज्यास 'मिस्टिसिझम' म्हणतात, त्यास मराठींत कोणी गूढवाद म्हणतात, कोणी साक्षात्कारमार्ग म्हणतात. शब्द कोणताही घ्या, त्याचा आशय असा कीं, ईश्वराविषयीं केवळ मत बाळगणें या साधकांना पुरेसें वाटत नाहीं. त्यांना ईश्वराची प्रत्यक्ष भेट हवी असते. जमखंडीस जन्मलेले व निंबाळास आश्रम करून राहिलेले गुरुदेव रा. द. रानडे यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' या ग्रंथांत मराठी संतांचा विचार याच दृष्टीनें केला, आणि ज्ञानदेव-तुकारामांची तुलना युरोपांतील ख्रिस्ती साधुसंतांशीं केली. तुकोबांच्या जीवनांतील निराशेचा काळ समजावून देतांना त्यांना सोळाव्या शतकांतील एका स्पॅनिश संतानें रूढ केलेली 'आत्म्याची काळोखी रात्र' ही कल्पना जवळची वाटली.

तो संत म्हणजे क्रूसाचा योहान. त्याचा जन्म १५४२ चा, मृत्यु १५९१ चा. आपल्या पंथांत अधिक कडक वैराग्य यावें म्हणून तो झटत होता; त्याबद्दल त्याच्याच पंथबंधूंनीं १५७७ सालीं त्याला तोलेदो शहरांतील मठांत एका अरुंद कोठडींत कोंडून ठेवलें. तेथें त्यानें रचलेल्या कविता स्पॅनिश भाषेचें भूषण मानल्या जातात. इकडे देहूस तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या आणि ते तेरा दिवस नदीकांठीं निर्वाण मांडून बसले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. दोघांमध्यें समुद्र होता, धर्म निराळे होते, एकमेकांचें नांवही एकमेकांस ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तथापि दोघांनाही स्वकीयांनींच छळलें, दोघांनाही ईश्वर दूर गेल्यासारखा वाटला, आणि दोघांच्याही वेदनेला वाट मिळाली ती कवितेंत. साक्षात्काराच्या अनुभवाला स्वतःची भाषा नसते. तो ज्या मनुष्यास येतो, त्याच्या देशांतील गाण्याच्या वाटेनें बाहेर पडतो. म्हणून भक्तीचें काव्य हा श्रद्धेवर चढविलेला दागिना मानणें चुकीचें होय. तें श्रद्धेचें शरीर आहे.

ही गोष्ट ज्या परदेशीय मनुष्यास फार लवकर उमगली, त्याचें नांव फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतला. येशूसंघांत प्रवेश करून तो १५७९ सालीं गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, मुख्यतः साष्टी भागांत राहिला. तो आला त्या वेळीं पैठणास एकनाथमहाराज हयात होते. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं जुनीं पुराणें त्यांच्या हातून काढून घेण्यांत आलीं होतीं. पण पुराण ऐकण्याची त्यांची भूक कोणाला काढून घेतां आली नव्हती. आमचीं जुनीं पुराणें वाचूं देत नाहीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं, अशी विचारणा झाल्याचा उल्लेख स्टीफन्सच्या ग्रंथांतच आहे. त्या विचारणेचें उत्तर म्हणजे 'क्रिस्तपुराण'. तें १६१६ मध्यें राशोल येथें छापलें गेलें. दोन भागांच्या या ग्रंथांत जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत.

मुद्रणालयांत देशी लिपीचे खिळे नसल्यामुळें हें मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावें लागलें. पण लिपीचा हा परकेपणा सोडला तर आंतील सारा थाट पुराणिकाचा आहे. आरंभीं नमन आहे, श्रोत्यांचे प्रश्न आहेत, अवसर आहेत, दृष्टांत आहेत. स्वर्गासाठीं कवीनें वैकुंठ हा शब्द निःशंकपणें घेतला. मराठीच्या थोरवीविषयीं त्यानें लिहिलेल्या ओव्या शाळकरी मुलांनाही परिचित झाल्या आहेत. परंतु बहुतेक वाचकांची ओळख तेवढ्यावरच थांबते. एका इंग्रज गृहस्थानें मराठीची स्तुति केली, याचें आपणांस कौतुक वाटतें. त्यानें त्या भाषेंत प्रार्थना केली, हें मात्र आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

या ग्रंथाचें पुढें काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. गोव्याच्या चर्चमधून रविवारीं व सणावारीं त्याचें वाचन होऊं लागलें. त्याच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी आवृत्त्या निघाल्या. नंतर १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा टाकून पोर्तुगीज भाषा आत्मसात करण्याचा हुकूम काढला आणि त्यासाठीं तीन वर्षांची मुदत दिली. छापील प्रती नाहींशा झाल्या. त्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ मेला नाहीं. हातांनीं उतरून घेतलेल्या पोथ्यांच्या रूपानें तो मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत टिकला. टिपू सुलतानानें १७८४ मध्यें तेथील ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणास नेलें, तेव्हां त्या बंदिवासांत या पुराणाच्या ओव्यांनीं त्यांचा धीर टिकविला, असें परंपरा सांगते. अखेर १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा यांनीं मंगळुरास त्याची नवी आवृत्ति काढली. सरकारी हुकुमानें जें पुसलें जावयाचें होतें, तें घरांतल्या म्हणण्यामुळें राहिलें.

गोव्यांतील या प्रयत्नानंतर जवळजवळ तीन शतकांनीं घाटावर तोच प्रश्न पुन्हां उभा राहिला. या वेळीं मिशनरी होते मुख्यतः अमेरिकन व स्कॉटिश प्रॉटेस्टंट. खुद्द कोल्हापुरास रेव्हरंड रॉयल गोल्ड वायल्डर हे १८५२ मध्यें आले; त्यांनीं शाळा काढल्या, आणि त्यांच्या नांवाचें वायल्डर मेमोरिअल चर्च शहरांत उभें आहे. या मिशनांनीं शिक्षण आणलें, औषधोपचार आणला, बायबलाचीं भाषांतरें केलीं. परंतु उपासनेंतील गाणीं बहुतेक पश्चिमेकडील चालींवर बसविलेलीं भाषांतरें असत. अर्थ मराठी, चाल विलायती, असा तो जोड होता. तोंडानें गीत म्हटलें जाई. पण ओवी म्हणत जातें ओढलेल्या बाईच्या किंवा एकतारीवर अभंग ऐकलेल्या शेतकऱ्याच्या अंगांत तें भिनत नसे.

हा दुरावा ज्यानें मिटविला, तो कवि नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें ६ डिसेंबर १८६१ रोजीं चित्पावन ब्राह्मण कुळांत त्यांचा जन्म झाला. त्यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. या एका दिवसानें घर दुभंगलें. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांबरोबर दूर राहिल्या, आणि कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर स्वतःच्या मनाचा कौल घेऊन १९०० मध्यें त्याही ख्रिस्ती झाल्या. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. तें पुस्तक मराठी घराघरांत वाचलें जातें, आणि वाचकाला हंसवितां हंसवितां डोळे पुसावयास लावतें. त्या पुस्तकांतील विनोद सर्वांस आठवतो. त्यांतील जातिभेदाच्या संस्काराशीं चाललेला एका साध्या बाईचा झगडा तितका आठवत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

टिळकांनीं नगरास राहून काय केलें? मराठी कवितेंत ते फुलामुलांचे कवि म्हणून गाजले. बालकवींसारख्या तरुण कवीस त्यांनीं आपल्या घरीं ठेवून घेतलें. पण त्यांच्या आयुष्याचें मुख्य काम त्यांच्या ख्रिस्ती भजनांत आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकण्याची रीत असते; टिळकांनीं तो राखला. 'अभंगांजलि' मध्यें त्यांनीं ख्रिस्ताला हाक मारली ती माय म्हणून आणि गुरु म्हणून. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मुलखांत ही हाक कोणालाही समजावून सांगावी लागत नव्हती. त्यांनीं कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती मंडळींत रुजविण्यास हातभार लावला. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनीं आरंभिलें. तें अपुरें राहिलें असतां, शाळेचें तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें, आणि १९३८ मध्यें तें ग्रंथरूपानें बाहेर आलें. आज मराठी चर्चमध्यें 'उपासना संगीत' या पुस्तकांतून जीं गीतें गाइलीं जातात, त्यांत टिळकांच्या गीतांचा वांटा फार मोठा आहे.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुण्यांतील स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनीं टिळकांच्या कांहीं गीतांचीं इंग्रजी भाषांतरें केलीं आणि तीं तिकडच्या उपासनापुस्तकांत गेलीं. ज्या देशांतून महाराष्ट्राला भाषांतरित गीतें येत होतीं, त्या देशांतील चर्चमध्यें एका मराठी भक्ताचें गीत भाषांतरित होऊन गाइलें जाऊं लागलें. देणें असतें तेव्हांच घेणें मानाचें होतें.

टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांची वृत्ति अधिकच वैराग्याकडे झुकली. त्यांनीं १९१७ मध्यें मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' या नांवानें एक मंडळ सुरूं केलें. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जो राहूं इच्छितो त्यास तेथें जागा होती. साताऱ्यास त्यांनीं या कामास आरंभ केला. पण देह थकला होता. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. दरबार फार काळ टिकला नाहीं, अभंग टिकले. संस्थेला माणसें लागतात, इमारत लागते, पैसा लागतो; गाण्याला एक कंठ पुरतो.

टिळकांच्या विचारांचा एक धागा पुढें पुण्यास गेला. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याच्या मनावर टिळकांचा मोठा ठसा उमटला होता. त्यांनीं टिळकांचें चरित्रही लिहिलें. १९२२ मध्यें त्यांनीं ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली, आणि पुढें पुण्याच्या शिवाजीनगर भागांत आश्रम उभा राहिला. खादी, साधें जेवण, जमिनीवर बैठक आणि भजन असा तेथील क्रम होता. याच आश्रमांत पुढें एका चित्रकाराला निवारा मिळाला. त्याचें नांव आंजेलो दा फोन्सेका.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्यें गोव्यांतील सांत इस्तेव्ह या बेटावर एका सधन कॅथॉलिक कुटुंबांत झाला. वैद्यकाचें शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले, आणि मुंबईच्या कलाशाळेंतील पाश्चात्य वळणानें समाधान न झाल्यामुळें शांतिनिकेतनास गेले. तेथें अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सहवासांत त्यांची रेषा घडली. गोव्यास परतल्यावर त्यांनीं मरियेला साडी नेसविली, येशूच्या जन्माची कथा आपल्या मुलखांतल्या माणसांच्या रूपानें रंगविली. घरच्याच धर्मबांधवांना तें सहन झालें नाहीं. देवाच्या आईला देशी बाईचें रूप देणें त्यांना अनादराचें वाटलें. फोन्सेकांना गोवा सोडावा लागला. पुण्याच्या आश्रमांत राहून ते चित्रें काढीत राहिले. फादर हेरास यांच्यासारख्या विद्वान येशूसंघीयानें त्यांना उत्तेजन दिलें, तथापि चर्चच्या भिंतींवर त्यांच्या चित्रांना फार थोडी जागा मिळाली. १९६७ च्या डिसेंबरांत ते निवर्तले. पुढें त्यांच्या पत्नीनें त्यांचीं शेंकडों चित्रें गोव्यांतील पर्वरी येथील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राकडे सुपूर्त केलीं.

इटलींतील चित्रकारांनीं मरियेला इटालियन स्त्रीचा पेहराव दिला, फ्लँडर्समधील चित्रकारांनीं तिला आपल्या गांवच्या खिडकीशीं बसविलें, आणि तीं चित्रें शतकानुशतकें वेदीवर शोभलीं. मरिया ही वस्तुतः पॅलेस्टाइनमधील यहुदी मुलगी. तिला युरोपीय वेष शोभतो आणि साडी शोभत नाहीं, हा नियम धर्मग्रंथांत कोठेंही सांपडावयाचा नाहीं. राज्यकर्त्यांचें रूप तेंच देवाचें रूप, ही संवय मात्र त्यामागें स्पष्ट दिसते.

फोन्सेकांच्याच गोव्यांतून आणखी एक चित्रकार निघाला, फ्रान्सिस न्यूटन सूझा. १९२४ मध्यें साळगांवीं जन्मलेल्या या बंडखोर कलावंतानें १९४७ मध्यें मुंबईस प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेंत पुढाकार घेतला आणि पुढें लंडन गाठलें. त्यानेंही ख्रिस्त रंगविला. पण तो काळाकभिन्न, कांट्यांनीं भरलेला, पाहणाऱ्याच्या अंगावर येणारा. १९५९ सालचें त्याचें 'क्रूसारोहण' लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. फोन्सेकांच्या चित्रांपुढें मनुष्य हात जोडील, सूझांच्या चित्रापुढें तो दचकेल. दोघांचा स्वभाव निराळा, परंतु एकच चर्च दोघांच्या मनांत खोल गेलेलें आहे. श्रद्धा ज्याच्या ठिकाणीं शांति झाली नाहीं, त्याच्या ठिकाणीं ती जखम होऊन राहिली. आजच्या कलेंत धर्म पुष्कळदां असा जखमेच्या रूपानें भेटतो. त्याला नास्तिकपणा म्हणून झटकून टाकणें सोपें आहे. पण ज्याची ओढच नाहीं त्याच्यावर मनुष्य इतका रागावत नाहीं.

या सगळ्या प्रयत्नांवर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तीनही विचारांत घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप हिंदु समाजाकडून येतो. ओवी, अभंग, कीर्तन हीं आमचीं साधनें घेऊन धर्मांतराचें जाळें विणलें, असें म्हटलें जातें. स्टीफन्सच्या काळीं गोव्यांत राजसत्तेनें देवळें पाडलीं व जुनीं पुराणें बंद केलीं, हा इतिहास कोणीही लपवूं नये. 'क्रिस्तपुराणा'च्या सौंदर्यानें त्या अन्यायाचें परिमार्जन होत नाहीं. परंतु टिळकांच्या अभंगांकडे त्याच नजरेनें पाहणें न्यायाचें होणार नाहीं. ज्यानें घर, नातीं आणि अखेर पगारही सोडला, तो जाळें टाकणारा नव्हता. ती त्याची स्वतःची तहान होती.

दुसरा आक्षेप ख्रिस्ती समाजांतूनच येतो. जुनीं नांवें व जुनीं रूपें घेतलीं कीं जुन्या कल्पनाही मागून येतात आणि श्रद्धेचें मिश्रण होतें, अशी ही भीति आहे. या भीतीला कॅथॉलिक चर्चपुरतें तरी मोठें उत्तर मिळालें, तें १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें. उपासना लॅटिनऐवजीं लोकांच्या भाषेंत करण्याची वाट तिनें मोकळी केली. आणि १९६९ मध्यें भारतांतील उपासनेंत आरती, जमिनीवरील बैठक, पंचांग नमस्कार अशा देशी रीतींना संमति मिळाली. फोन्सेका त्यापूर्वीं दोन वर्षें वारले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. महाराष्ट्रांतील, विशेषतः नगरकडील, ख्रिस्ती समाजांत पूर्वाश्रमीच्या महार व मांग कुटुंबांची संख्या मोठी आहे. ज्या परंपरेनें आम्हांस देवळाबाहेर ठेवलें, तिचाच थाट देवापुढें पुन्हां कां मांडावयाचा, असा त्यांचा प्रश्न आहे. संस्कृतप्रचुर स्तोत्रें आणि उच्चवर्णीय आचार म्हणजेच भारतीयत्व, असें कोणी समजत असेल तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण अभंगाची गोष्ट निराळी. अभंग चोखामेळ्यानें देवळाच्या पायरीपाशीं उभा राहून गाइला, जनाबाईनें दळतांना गाइला, तुकोबांनीं कुणबिकीच्या भाषेंत गाइला. तो कोणत्याही एका जातीची मिरास नाहीं. टिळकांनीं आपल्या कुळाच्या विद्वत्तेंतून संस्कृत स्तोत्र न उचलतां वारकऱ्याचा अभंग उचलला, यांतच त्यांच्या निवडीचें शहाणपण आहे. परंपरा घ्यावयाची तर तिच्यांतील कोणाची घ्यावयाची, हें ज्यानें त्यानें जाणून ठरविलें पाहिजे.

आतां आजच्या काळाकडे येऊं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' लिहिलें. त्यास २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद येथें, म्हणजे आतांच्या धाराशिव येथें, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूनें त्या आसनावर बसावें याला कांहीं मंडळींनीं आक्षेप घेतला. तरी संमेलन झालें, आणि संतवाङ्मयावर पोसलेल्या त्यांच्या मराठीनें आक्षेपाचें उत्तर दिलें. २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले. स्टीफन्सपासून निघालेला धागा येथपर्यंत अखंड आला आहे.

तथापि त्याच वेळीं दुसरा एक बदल होत आहे. शहरांतील ख्रिस्ती तरुण इंग्रजी शाळेंत शिकतो, इंग्रजींत प्रार्थना करतो, गिटारवर बसविलेलीं नवीं गीतें गातो. हिंदु घरांतील तरुणाची स्थिति फार वेगळी नाहीं. त्याला अभंग भेटतो तो बहुधा दिवाळींतल्या एखाद्या महागड्या तिकिटाच्या मैफलींत. अभंग दोघांनाही आवडतो, पण तो दोघांच्याही संध्याकाळींतून गेला आहे. टिळकांपुढें प्रश्न होता तो परक्या गीताला घरचें कसें करावयाचें, हा. आजच्या पिढीपुढें घरचेंच गीत परकें होऊं लागलें आहे.

या इतिहासांतून एक साधा धडा निघतो. 'क्रिस्तपुराण' छापखान्यांतून नाहींसें झालें असतांही वांचलें, कारण लोक तें म्हणत होते. टिळकांचा दरबार विरला, अभंग राहिले, कारण लोक ते गात होते. फोन्सेकांचीं चित्रें उत्तम रीतीनें जपलीं गेलीं आहेत, अभ्यासक त्यांची वाखाणणी करतात. परंतु तीं ज्या डोळ्यांसाठीं काढलीं गेलीं, त्या प्रार्थना करणाऱ्या डोळ्यांना तीं क्वचितच दिसलीं. यांत चित्रकाराचा दोष नाहीं. ज्या समाजानें तीं नाकारलीं, त्यानें आपलेंच एक धन गमावलें. श्रद्धेची कला वापरानें टिकते, आणि कौतुक हा वापराला पर्याय होऊं शकत नाहीं.

म्हणून ज्या घरांत 'स्मृतिचित्रें' आहेत, तेथें त्याच फडताळांत टिळकांचे अभंगही असावेत, आणि ते एखादे वेळीं मोठ्यानें म्हणून पाहावेत. ख्रिस्ती घरांतील मुलांनीं तुकोबांची गाथा परकी समजूं नये; टिळकांना त्यांच्या प्रभूकडे नेणारा पूल तोच होता. हिंदु घरांतील मुलांनीं टिळकांचे अभंग परके समजूं नयेत. त्या पुलाच्या पलीकडे गेलेल्या आपल्याच माणसाचा तो आवाज आहे. धर्म ज्याचा त्यानें पाळावा, त्यांत कोणीं ढवळाढवळ करूं नये. परंतु ज्या भाषेंत तुकोबा रडले, त्याच भाषेंत आणि त्याच छंदांत दुसरा एक भक्त दुसऱ्या नांवानें रडला, हें ऐकूं येण्याइतका कान प्रत्येक मराठी मनुष्यास असावयास हवा. तो कान आहे तोंवर मराठी भाषा सर्वांचें घर राहील.